गूढविद्या आणि नाझी सत्ता : एका वादाचा आढावा

गूढविद्या आणि आधुनिक राजसत्ता यांचा संबंध कसा असतो, या प्रश्नाची सर्वांत कसोशीने तपासणी झाली ती १९३३ ते १९४५ या काळातल्या जर्मनीच्या संदर्भात. हिटलर ज्योतिषांच्या सल्ल्याने चालत होता का, हिमलरच्या गढीत कोणते विधी होत, म्युनिकमधल्या एका गुप्त मंडळाने नाझी पक्ष जन्माला घातला का, हे विषय लोकप्रिय पुस्तकांनी आणि चित्रपटांनी अनेक दशके जिवंत ठेवले आहेत. इतिहासकारांचा वाद वेगळ्या मुद्द्यांवर आहे. नाझी विचारसरणीने गूढवादी वर्तुळांतून नेमके काय उचलले? सत्ता हाती आल्यावर तिने या वर्तुळांशी कसा व्यवहार केला? आणि राज्याच्या प्रत्यक्ष निर्णयांवर त्यांचा काही परिणाम झाला का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकच असतील असे गृहीत धरल्यामुळे वादात बराच गोंधळ झाला आहे.

थिऑसफीपासून थूलेपर्यंत

हेलेना ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांनी १८७५मध्ये न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन केली. १८७९च्या फेब्रुवारीत दोघे मुंबईत उतरले, गिरगावात राहिले आणि त्याच वर्षी तेथून ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक सुरू झाले. १८८२च्या अखेरीस संस्थेचे ठाणे मद्रासजवळ अड्यारला गेले. ब्लाव्हाट्स्कींच्या १८८८च्या ‘सीक्रेट डॉक्ट्रिन’मध्ये मानवजातीची वाटचाल एकामागून एक येणाऱ्या मूळ वंशांतून होते असे सांगितले असून त्यांतला पाचवा वंश आर्य आहे. संस्थेच्या मुद्रेत स्वस्तिकही होते. मात्र वंश, धर्म वा जात न पाहता विश्वबंधुत्व साधणे हे संस्थेचे पहिले घोषित उद्दिष्ट होते. पुढच्या जर्मन अनुयायांनी वंशांची उतरंड घेतली आणि हे उद्दिष्ट वगळले.

ही छाटणी मुख्यतः व्हिएन्नात झाली. गीडो फॉन लिस्ट हा तेथला कादंबरीकार आणि पत्रकार. १९०२मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने त्याला दिसत नव्हते. त्या काळात प्राचीन जर्मन रूनलिपीचे रहस्य आपल्याला उलगडले, असा त्याचा दावा होता. १९०८मध्ये त्याच्या नावाची संस्था निघाली आणि तिला पैसेवाले आश्रयदातेही मिळाले. दुसरा यॉर्ग लान्त्स फॉन लीबेनफेल्स. सिस्टर्शियन मठ सोडून आलेला हा माणूस १९०५पासून ‘ओस्टारा’ नावाची पुस्तिकामाला काढत होता. सोनेरी केसांचे आर्य आणि त्यांना भ्रष्ट करणारे हीनवंशीय यांच्यातला लढा हा तिचा मुख्य विषय. हीनवंशीयांचे निर्बीजीकरण करावे, हेही त्याने त्याच काळात लिहून ठेवले होते. १९०७मध्ये त्याने डॅन्यूबकाठच्या वेर्फेनश्टाइन गढीवर स्वस्तिकाचा ध्वज उभारला. या दोघांच्या विचारसरणीला पुढे आरिओसफी हे नाव पडले.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ही धारा म्युनिकला पोहोचली. रुडॉल्फ फॉन झेबोटेनडॉर्फ याने १९१८मध्ये तेथे थूले मंडळ सुरू केले. मंडळाच्या बैठका ‘फिअर यारेसत्साइटेन’ या बड्या हॉटेलात भरत. चिन्ह स्वस्तिक, भाषा ज्यूविरोधी आणि व्यवहारातले मुख्य काम बव्हेरियातल्या डाव्या क्रांतीला विरोध करण्याचे. मंडळाचा सदस्य कार्ल हारर आणि कामगार अँटन ड्रेक्सलर यांनी ५ जानेवारी १९१९ रोजी पुढे नाझी पक्ष बनलेला जर्मन कामगार पक्ष काढला. त्याच पक्षात सप्टेंबरात हिटलर दाखल झाला. मंडळाचे वर्तमानपत्र नाव बदलून ‘फ्योल्किशर बेओबाख्टर’ झाले आणि डिसेंबर १९२०मध्ये नाझी पक्षाच्या मालकीचे बनले. पुढे नाझी सत्तेत वर चढलेले रुडॉल्फ हेस आणि हान्स फ्रांक यांचा या मंडळाशी संबंध होता. हिटलर मात्र त्याच्या एकाही बैठकीला हजर असल्याचा पुरावा सापडलेला नाही. हिटलरचा मार्ग आपणच तयार केला, असे सांगणारे पुस्तक झेबोटेनडॉर्फने १९३३मध्ये काढले. नव्या राजवटीने ते लवकरच जप्त केले. श्रेयाची ही वाटणी हिटलरला मान्य नव्हती.

साधनांची परीक्षा

युद्धानंतरचे बरेचसे लिखाण कच्च्या पायावर उभे राहिले. डान्झिगच्या सिनेटचा माजी अध्यक्ष हेर्मान राउशनिंग याने १९३९मध्ये हिटलरशी झालेल्या आपल्या संभाषणांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातला हिटलर अतिमानवाच्या साक्षात्काराने थरथरतो आणि जादूची भाषा बोलतो. चाळीस वर्षे हे पुस्तक आधार म्हणून वापरले गेले. १९८३मध्ये वोल्फगांग हेनेल याने दाखवून दिले, की राउशनिंगच्या हिटलरशी मोजक्याच भेटी झाल्या होत्या आणि संभाषणे रचलेली होती. इयन केर्शॉ यांनी हिटलरचे मोठे चरित्र लिहिताना हे साधन पूर्णपणे बाजूला ठेवले.

१९६०मध्ये लुई पोवेल आणि झाक बेर्झिए या दोन फ्रेंच लेखकांचे ‘ल मातँ दे माजिसियँ’ आले आणि नाझीवाद म्हणजे जादू अधिक रणगाडे अशी कल्पना घराघरात पोहोचली. १९७०च्या दशकात ट्रेव्हर रेव्हन्सक्रॉफ्टच्या ‘स्पिअर ऑफ डेस्टिनी’ने तीत पवित्र भाल्याची भर घातली. या पुस्तकांना साधनांची शिस्त नव्हती, पण त्यांचा वाचक प्रचंड होता. परिणामी अनेक विद्यापीठीय इतिहासकारांनी हा विषयच अस्पृश्य मानला, आणि जे तपासण्याजोगे होते तेही बराच काळ तपासले गेले नाही.

साक्षीपुराव्याचा असाच पेच लान्त्सच्या बाबतीत आहे. १९०९मध्ये तरुण हिटलर आपल्याकडे ‘ओस्टारा’चे जुने अंक मागायला आला होता, असे त्याने म्हातारपणी विल्फ्रीड डाइम या अभ्यासकाला सांगितले. डाइमने १९५८मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. हिटलर त्या काळी व्हिएन्नात होता आणि अशा पुस्तिका तेथे सहज मिळत, त्यामुळे ही भेट अशक्य म्हणता येत नाही. परंतु तिचा साक्षीदार एकटा लान्त्स आहे आणि त्याचा स्वार्थ उघड आहे.

सत्तेतला व्यवहार

१९३३नंतरचे चित्र सरकारी दप्तरांतून अधिक स्पष्ट दिसते, आणि त्यात सर्वांत ठळक नाव एस.एस. या नाझी निमलष्करी दलाचा प्रमुख हाइनरिख हिमलर याचे आहे. कार्ल मारिया विलिगुट हा निवृत्त ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी स्वतःला हजारो वर्षांच्या वांशिक स्मृतीचा वारस समजे. हिमलरने त्याला एस.एस.मध्ये ब्रिगेडफ्यूररची श्रेणी दिली. एस.एस. अधिकाऱ्यांच्या कवटीच्या अंगठीची रचना त्याच्याच नावावर आहे. १९२०च्या दशकात तो साल्झबुर्गच्या मनोरुग्णालयात होता हे बाहेर आले आणि १९३९मध्ये त्याला निवृत्त करण्यात आले. हिमलरने १९३५मध्ये ‘आनेनएर्बे’ ही पूर्वजवारशाचा शोध घेणारी संस्था उभारली. त्याच वर्षी एस.एस.च्या एका गुप्त पथकाने जुन्या चेटकीण-खटल्यांची टिपणे गोळा करायला सुरुवात केली आणि हजारो कार्डांची सूची तयार केली. प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट शेफर हिमलरच्या पाठिंब्याने मोहीम घेऊन तिबेटला गेला आणि १९३९च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचला. ही मोहीम गुप्त शक्तींच्या शोधासाठी निघाली होती ही लोककथा आहे. तिने जमवले ते पक्षी, वनस्पतींचे नमुने, छायाचित्रे आणि ब्रूनो बेगर या मानववंशशास्त्रज्ञाने घेतलेली माणसांच्या डोक्यांची मोजमापे.

वेस्टफालियातल्या वेवेल्सबुर्ग गढीभोवती सर्वाधिक दंतकथा आहेत. १९३४पासून ती एस.एस.च्या ताब्यात होती. उत्तर बुरुजाच्या दालनात संगमरवरी फरशीवर बारा आऱ्यांचे चक्र आहे. त्याला मिळालेले ‘काळा सूर्य’ हे नाव युद्धानंतर कित्येक दशकांनी चिकटले. दालनात विधी झाल्याचा पुरावा नाही. गढीच्या बांधकामासाठी शेजारी छळछावणी उभारली गेली आणि तेथे किमान १,२८५ कैदी मेले, याचा पुरावा मात्र आहे. एस.एस. सेनानी बाख-झेलेव्स्की याने न्यूरेंबर्गला साक्ष दिली, की १९४१मध्ये हिमलरने याच गढीत वरिष्ठ अधिकाऱ्यांना सांगितले होते, रशियावरील मोहिमेचा हेतू स्लाव्ह लोकसंख्या तीन कोटींनी घटवणे हा आहे.

हिटलरची जाहीर भूमिका उलटी होती. जुन्या जर्मन वेशात हिंडणाऱ्या गूढवाद्यांची टर त्याने ‘माइन काम्फ’मध्येच उडवली होती. सप्टेंबर १९३८च्या न्यूरेंबर्ग भाषणात त्याने पक्षात पंथीय गूढवाद शिरू देणार नाही असे बजावले. तोवर फ्रीमेसनांच्या लॉज बंद झाल्या होत्या, १९३५मध्ये थिऑसफीतून फुटून निघालेल्या रुडॉल्फ स्टाइनरप्रणीत अँथ्रोपॉसॉफिकल सोसायटीवर आणि १९३७मध्ये थिऑसॉफिस्टांवर बंदी आली होती. लान्त्सच्या लिखाणालाही या राजवटीत मोकळीक उरली नाही.

या दुहेरी व्यवहाराचे नेमके रूप कार्ल एर्न्स्ट क्राफ्ट या स्विस ज्योतिषाच्या आयुष्यात दिसते. २ नोव्हेंबर १९३९ रोजी त्याने बर्लिनमधल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याला लिहून कळवले, की ७ ते १० तारखांदरम्यान स्फोटकांमुळे हिटलरच्या जिवाला धोका आहे. ८ तारखेला म्युनिकच्या बिअरहॉलमध्ये गेओर्ग एल्झरने ठेवलेला बॉम्ब फुटला. आठ माणसे मेली. हिटलर काही मिनिटे आधी निघून गेला होता. आपले भविष्य खरे ठरल्याची तार क्राफ्टने वर पाठवली आणि गेस्टापोने त्याला चौकशीसाठी उचलले. सुटका होताच, १९४०च्या आरंभी, त्याला बर्लिनला आणून नॉस्त्रेदामसच्या चरणांचे जर्मनीला सोयीचे अर्थ लावण्याच्या प्रचारकामाला जुंपले. प्रचारमंत्री गोबेल्सच्या लेखी भविष्य हा शत्रूच्या जनतेचे मन खच्ची करण्याचा स्वस्त माल होता, आणि त्यावर विश्वास असण्याची अट त्या कामाला नव्हती.

१० मे १९४१ रोजी रुडॉल्फ हेस विमानाने स्कॉटलंडला गेला आणि सगळे पालटले. पक्षाचा उपनेता शत्रूच्या हाती का पडला याचा खुलासा हवा होता. तो ज्योतिषी आणि संमोहनवाल्यांच्या नादी लागला होता, असे अधिकृत वृत्तपत्राने सुचवले. ९ जून रोजी सुरक्षा पोलिसांचा प्रमुख हायड्रिख याच्या आदेशाने देशभर छापे पडले. ज्योतिषी, भविष्यवेत्ते, श्रद्धोपचारक, थिऑसफी आणि अँथ्रोपॉसफीचे अनुयायी अशा शेकडो लोकांना पकडण्यात आले, त्यांची ग्रंथसंपदा गाड्या भरून नेण्यात आली. क्राफ्टही त्यात होता. पुढच्या कैदेत त्याची तब्येत ढासळली आणि जानेवारी १९४५मध्ये बुखेनवाल्डला नेले जात असताना तो मेला.

तरीही वर्षभरातच बर्लिनमध्ये नौदलाच्या छत्राखाली लंबकवाले आणि ज्योतिषी पुन्हा जमवण्यात आले. अटलांटिकच्या नकाशावर लंबक धरून ब्रिटिश जहाजांच्या ताफ्यांचा ठावठिकाणा काढायचा असा प्रयोग होता. जर्मन पाणबुड्या इतक्या अचूकपणे सापडतात त्याअर्थी ब्रिटिशही लंबक वापरत असावेत, असा काही अधिकाऱ्यांचा संशय होता. प्रत्यक्षात ब्रिटिशांनी एनिग्मा यंत्राचे संकेत फोडले होते. या प्रयोगाची बरीचशी माहिती विल्हेल्म वुल्फ या ज्योतिषासारख्या सहभागी लोकांच्या युद्धोत्तर आठवणींतून येते. अलीकडे ऊवे शेलिंगर आणि सहकाऱ्यांनी तिची कागदपत्रांशी ताडणी केली आहे. प्रयोग झाला हे त्यातून पक्के झाले. त्याचा युद्धावर परिणाम झाला असे काही निघाले नाही.

इतिहासकारांच्या भूमिका

पहिली भूमिका मुळांची. जॉर्ज मॉसे यांनी १९६१च्या एका निबंधात आणि १९६४च्या ग्रंथात दाखवले, की लिस्टसारख्या गूढवाद्यांचे विचार वंशवादी राष्ट्रवादाच्या जडणघडणीत मुरलेले होते आणि नाझीवादाला केवळ आर्थिक संकटाचे अपत्य मानता येत नाही. अशा विचारांना त्याआधीचे इतिहासकार भ्रमिष्टांची बडबड म्हणून सोडून देत. ती गांभीर्याने वाचायला लावणे ही मॉसे यांची कामगिरी.

निकोलस गुडरिक-क्लार्क यांचा १९८५चा ‘द ऑकल्ट रूट्स ऑफ नाझीझम’ हा ऑक्सफर्डच्या प्रबंधातून तयार झालेला ग्रंथ आजही या क्षेत्राचा पाया आहे. लिस्ट, लान्त्स आणि थूले मंडळ यांची चरित्रे त्यांनी मूळ साधनांतून उभी केली. त्यांचा निष्कर्ष मोजून मापून मांडलेला आहे: आरिओसॉफिस्टांनी नाझींच्या वांशिक स्वप्नांना आधीच रूप दिले होते, हिमलरवर त्यांची थेट छाया होती, पण हिटलरच्या धोरणांची सूत्रे त्यांच्या हाती नव्हती. ग्रंथाला जोडलेल्या परिशिष्टात त्यांनी लोकप्रिय दंतकथांचा एकेक धागा सोडवला आहे, आणि ते परिशिष्टच बहुधा सर्वांत जास्त वाचले गेले.

कॉरिना ट्रायटेल यांनी २००४मध्ये प्रश्नाची दिशाच बदलली. १८८०नंतरच्या जर्मनीत प्रेतात्म्यांच्या बैठका, ज्योतिष आणि परामानसशास्त्र हे शहरी, सुशिक्षित, बऱ्याचदा उदारमतवादी मध्यमवर्गाचे उद्योग होते. त्यांना नाझीवादाची पूर्वतयारी समजणे म्हणजे शेवट ठाऊक असल्यामुळे त्या शेवटावरून सुरुवात वाचणे होय, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मते नाझी राज्याचा गूढविद्येशी मुख्य संबंध वाढत्या शत्रुत्वाचा होता.

एरिक कुर्लँडर यांनी २०१७च्या ‘हिटलर्स मॉन्स्टर्स’मध्ये याला उत्तर दिले. ज्योतिष, लंबकविद्या, विश्वाचा मूळ घटक बर्फ मानणारा हान्स ह्योर्बिगरचा विश्वहिम सिद्धांत, जर्मन पुराणकथा, पौर्वात्य धर्मांविषयीचे आकर्षण हे सगळे मिळून एक सामायिक अद्भुत कल्पनाविश्व तयार होते, आणि नाझी नेते व त्यांचे मतदार त्यातच वावरत होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. १९४१च्या धरपकडीतले बहुतेक लोक लवकर सुटले, कारवाई बाजारू भविष्यवाल्यांवर होती आणि ‘शास्त्रीय’ गूढविद्येला राज्याने जवळच केले, असे ते दाखवतात. त्यांनी जमवलेल्या साधनांचा आवाका मोठा आहे आणि तो नाकारता येत नाही. टीकाकारांचा आक्षेप या संकल्पनेच्या रुंदीवर आहे. लोककथांपासून अँथ्रोपॉसफीच्या जैवगतिक शेतीपर्यंत सर्व काही एका नावाखाली घेतले, तर त्या काळच्या कोणत्याही युरोपीय समाजात ते सापडेल. ब्रिटिश गुप्तचर खात्यानेही युद्धात लुई द वोल या ज्योतिषाला कामावर ठेवले होते.

पीटर श्टाउडेनमायर यांनी एकाच चळवळीचा बारकाईने अभ्यास करून मधली वाट काढली. त्यांच्या २०१४च्या ग्रंथाचा विषय अँथ्रोपॉसफी. १९३५मध्ये तिच्या संस्थेवर बंदी आली, पण तिच्या जैवगतिक शेतीला हेसचे संरक्षण होते. हेस गेल्यावर शेतकऱ्यांची संघटना बंद पडली, तरी एस.एस.ने डाखाउ छळछावणीच्या मळ्यात हीच पद्धत कैद्यांच्या श्रमावर चालू ठेवली. अनुयायी एकाच वेळी छळलेलेही होते आणि सहभागीही. नाझी यंत्रणेतल्या परस्परविरोधी खात्यांची भांडणे लक्षात घेतल्याशिवाय ‘राजवटीचे धोरण’ असा शब्दप्रयोग करणे सैल ठरते, हा या अभ्यासातला सर्वांत उपयोगी धडा.

तीच गूढविद्या, दुसरे राजकारण

थिऑसफीचे मुख्य ठाणे जेथे होते, त्या हिंदुस्थानात तिचे राजकारण वेगळ्याच दिशेने वळले. २८ डिसेंबर १८८५ला मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरवण्यात पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम काही वर्षे थिऑसॉफिस्ट होते. सोसायटीच्या अध्यक्ष ॲनी बेझंट यांनी १९१६मध्ये होमरूल लीग काढली, त्याच वर्षी टिळकांची लीगही निघाली. १९१७मध्ये बेझंट काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. मूळ वंशांचा सिद्धांत मानणारी संस्था वसाहतवादाविरुद्ध उभी राहू शकली. ग्रंथ एक असले म्हणजे राजकारण एक असतेच असे नाही, हे यावरून दिसते.

टिळकांच्या १९०३च्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’चा प्रवासही नोंदवण्याजोगा आहे. वेदांतले दीर्घ उषःकालाचे उल्लेख आणि खगोलगणित यांवरून मांडलेला हा तर्क फ्रान्समध्ये रने गेनाँ आणि इटलीत युलिउस एव्होला यांनी आपल्या उत्तरध्रुवीय आद्यपरंपरेच्या मांडणीसाठी उचलला. एव्होलाचे लिखाण युद्धोत्तर अतिउजव्या गटांत वाचले जाते. पुण्यातल्या ग्रंथकाराचा हेतू आणि या मंडळींनी केलेले त्याच्या ग्रंथाचे वाचन यांत काहीही साम्य नाही.

अनिर्णित राहिलेले

हिटलरचा व्यक्तिगत विश्वास हा पहिला खुला मुद्दा. त्याच्या संग्रहातले एर्न्स्ट शेर्टेलचे जादूविषयक पुस्तक अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात आहे आणि त्यात अनेक उताऱ्यांशेजारी पेन्सिलच्या रेघा आहेत. रेघ संमतीची की नुसत्या कुतूहलाची, हे रेघ सांगत नाही. दुसरा मुद्दा तुलनेचा. जर्मनीतले गूढविद्येचे वेड इतर देशांपेक्षा अधिक होते का, याचे उत्तर देण्यासाठी ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिकेचा याच पद्धतीने अभ्यास हवा. तो अजून तुटपुंजा आहे. तिसरा मुद्दा वर्गीकरणाचा. आडोर्नो यांनी १९५१मध्ये गूढविद्येला विचारशक्तीच्या ऱ्हासाचे लक्षण म्हटले, पण त्या काळी शास्त्र आणि छद्मशास्त्र यांची सीमारेषा आजच्या जागी नव्हती.

या तिसऱ्या मुद्द्याचे वजन आजवरच्या चर्चेत पुरेसे जाणवत नाही. सक्तीचे निर्बीजीकरण, रुग्णांची हत्या आणि वंशकायदे यांचा वैचारिक आधार विद्यापीठांतल्या वैद्यकातून, अनुवंशशास्त्रातून आणि मानववंशशास्त्रातून आला. भविष्यवाल्यांकडे त्यासाठी जावे लागले नाही. तिबेटात डोकी मोजणारा ब्रूनो बेगर १९४३मध्ये ऑशविट्झला गेला आणि स्ट्रासबुर्गचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक आउगुस्ट हिर्ट यांच्या सांगाडा-संग्रहासाठी त्याने कैदी निवडण्यात भाग घेतला. ‘आनेनएर्बे’च्या व्यवस्थापनाखाली ८६ ज्यू स्त्री-पुरुषांना नात्सवाइलर छावणीत वायूने मारण्यात आले. बेगरला १९७१मध्ये फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने साहाय्यक म्हणून दोषी ठरवले. ल्हासाच्या मोहिमेवर तोवर ढीगभर कहाण्या लिहून झाल्या होत्या. त्या ८६ जणांची नावे हान्स-योआखिम लांग या पत्रकाराने शोधून २००४मध्ये प्रसिद्ध केली.